वेगाचे उत्तरदायित्व



सागरी यंत्रविद्येच्या व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या सर्व शाखांचा धावता आढावा घ्यावा असा प्रघात असला, तरी तो बाजूस ठेवून एकाच विषयाचा काहीसा सविस्तर परामर्श घेण्याची अनुज्ञा मी मागतो. तो विषय म्हणजे अतिवेगवान नौकांसाठी अलीकडे निर्माण झालेली प्रचंड अश्वशक्तीची इंजिने. हा धनिकांच्या क्रीडेचा प्रांत आहे, त्याच्याशी आपल्यासारख्या कष्टकरी व्यवसायाचे नाते काय, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही; परंतु शर्यतीच्या नौकेत आज जे कसास उतरते तेच काही वर्षांनी गस्तीच्या, जीवरक्षणाच्या आणि प्रवासी वाहतुकीच्या नौकांत येऊन बसते, आणि मग त्याचे गुण व दोष या दोहोंचा हवाला आपल्यालाच घ्यावा लागतो.

१८८६ साली गॉटलिब डाइम्लर आणि व्हिल्हेल्म मायबाख यांनी आपले लहानसे पेट्रोल इंजिन नेकार नदीवरील एका नौकेत बसविले, तेव्हा लोकांना पेट्रोलचे इतके भय वाटे की, ही नौका विजेवर चालते असा आभास निर्माण करण्याकरिता तिच्या कडेने तारा आणि चिनीमातीचे खुंट लावावे लागले. १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी नौकेच्या पाठीस टांगता येणारे, अवघ्या दीड अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले. तेथून पुरी पंचवीस वर्षेही उलटली नव्हती, तोच १९३२ साली सेंट क्लेअर नदीवर गार वुड यांच्या ‘मिस अमेरिका टेन’ या नौकेने ताशी १२४.८६ मैलांचा विक्रम नोंदविला. तिच्या पोटात विमानविद्येतून आलेली पॅकार्ड कंपनीची बारा सिलिंडरांची चार इंजिने होती, आणि त्यांतील प्रत्येकाचे आकारमान सुमारे ४१ लिटर, तर सामर्थ्य सुमारे १,६०० अश्वशक्ती होते.

आता हा आकडा मनात ठेवून आपल्या काळाकडे पाहावे. विस्कॉन्सिन राज्यातील मर्क्युरी रेसिंग या संस्थेने २०१० साली जे इंजिन प्रसिद्ध केले, त्याचे सिलिंडर आठ, आकारमान ९ लिटर आणि सामर्थ्य १,३५० अश्वशक्ती. पॅकार्डच्या इंजिनात दर लिटरमागे चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्ती मिळत होती. येथे ती दीडशेवर गेली. नौकेच्या पाठीवर टांगण्याच्या इंजिनांनीही तोच मार्ग धरला: २०१९ साली याच संस्थेचे ४.६ लिटरचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन आले, आणि २०२१ साली मर्क्युरी कंपनीने बारा सिलिंडरांचे, ७.६ लिटरचे, ६०० अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले. एव्हिनरूड यांच्या दीड अश्वशक्तीशी ही तुलना केली असता मन क्षणभर स्तिमित होते.

१,३५० अश्वशक्तीच्या त्या इंजिनात हे सामर्थ्य कोठून आले? निष्काशित वायूच्या वेगावर फिरणारे टर्बोचार्जर हवेला दाबून सिलिंडरात कोंबतात. दाबल्यामुळे तापलेली ती हवा वाटेतच शीतकाकडून निवविली जाते. दर सिलिंडरास चार झडपा असल्यामुळे श्वासोच्छ्वास मोकळा होतो. आणि इंधनाचा प्रत्येक थेंब किती व केव्हा सोडावा याचा हुकूम संगणक देतो. या सर्व युक्त्या मोटारगाड्यांच्या विद्येतही आहेत. परंतु मोटारीचे उत्तम इंजिन उचलून नौकेत ठेवले की काम झाले, असे जो समजेल त्याचे इंजिन फार दिवस टिकणार नाही. मोटारगाडीस क्वचितच पुरी शक्ती लागते, आणि उतार लागला की तिचे इंजिन विसावा घेते. जलपृष्ठावर मात्र उतार नाही, आणि पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन असल्यामुळे वेगवान नौकेचे इंजिन जणू जन्मभर बोरघाट चढत असते. शिवाय ज्या पाण्याने त्यास थंड ठेवायचे ते पाणी खारे, म्हणून गंजाचे वैर अखंड चालू असते. आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती नौकेच्या तळाशी साचते, सबब इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने ती बाहेर काढणे व ठिणगी बाहेर पडणार नाही अशी विजेची साधने योजणे, ही येथे प्राणरक्षणाची बाब ठरते.

निर्माण झालेली शक्ती पाण्याच्या स्वाधीन करणे हे त्याहूनही कठीण कर्म आहे, आणि त्याचा एक मोठा धडा चार्ल्स पार्सन्स यांना मिळाला. १८९४ साली त्यांच्या ‘टर्बिनिया’ नौकेत वाफेचे नवे टर्बाइन होते, पण अपेक्षित वेग काही येईना. कारण मळसूत्री पंखा इतक्या त्वरेने फिरत होता की, त्याच्या पात्यांलगत पाण्याचा दाब उतरून वाफेचे बुडबुडे उठत आणि पाते पाण्याला पकडण्याऐवजी पोकळीत फिरत राही. पार्सन्स यांनी टाकीत प्रयोग करून या पोकळीचा अभ्यास केला, एका आसाऐवजी तीन आस आणि प्रत्येकावर तीन पंखे बसविले, आणि १८९७ साली स्पिटहेड येथील आरमाराच्या संचलनात ताशी ३४ सागरी मैलांच्या वेगाने ती नौका सर्वांच्या डोळ्यांदेखत दौडवली. बाष्पयंत्राच्या सामर्थ्यात उणीव नव्हती. उणीव होती ती सामर्थ्य आणि पाणी यांच्यामधील दुव्यात. हॉवर्ड आर्नेसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केलेली, अर्धा पंखा पाण्याबाहेर ठेवून चालविण्याची पद्धती, किंवा आजच्या बारा सिलिंडरी इंजिनातील दोन वेगांची दंतचक्रपेटी व परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे, हे त्याच दुव्याचे संशोधन होय.

सागरी शर्यतीत या दुव्याची परीक्षा क्षणोक्षणी होते. लाटेच्या माथ्यावरून नौका हवेत उसळली की पंखा पाणी सोडतो, इंजिनावरचा भार एकाएकी नाहीसा होतो, आणि पुढच्याच क्षणी पंखा पाण्यात पडताच तो सर्व भार हातोड्यासारखा आसावर येऊन आदळतो. म्हणून अशा नौकेत सुकाणू एकाच्या हाती, तर इंजिनाचा वेग कमीजास्त करण्याचे काम दुसऱ्याच्या हाती असते, आणि उसळी ओळखून योग्य क्षणी शक्ती आवरणारा तो दुसरा मनुष्यच पुष्कळदा शर्यत जिंकून देतो. नौकाशास्त्रज्ञ जॉर्ज क्राउच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, वजन तेच राहिल्यास पाण्यावर सरकणाऱ्या नौकेचा वेग दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते. आणि १,३५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पुऱ्या शक्तीने चालले, तर ते साधारण हिशेबाने तासाला ४०० लिटरांच्या आसपास इंधन पिते. वेगाचा जमाखर्च असा कठोर आहे.

या सर्व विचारातून मी ज्या निष्कर्षास आलो तो आपणापुढे स्पष्ट शब्दांत मांडतो. इंजिनाची योग्यता त्याच्या अश्वशक्तीच्या आकड्याने ठरत नाही. पुरी शक्ती ते किती तास देते, आणि ती शक्ती मनुष्याच्या आज्ञेने किती त्वरेने व निश्चितपणे थांबते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांनी ठरते. मर्क्युरीचे संस्थापक कार्ल कीकहेफर यांचा इतिहास पहिल्या प्रश्नाला साक्षी आहे. १९३९ साली त्यांनी विकत घेतलेल्या कारखान्यात गिऱ्हाइकाने सदोष म्हणून परत केलेली इंजिने पडून होती; ती त्यांनी दुरुस्त करून पुन्हा विकली आणि त्या दुरुस्तीवरच आपल्या नावाचा इतबार उभा केला. १९५७ साली फ्लोरिडातील एका सरोवरावर त्यांची इंजिने ५०,००० मैल, म्हणजे पृथ्वीच्या दोन प्रदक्षिणा होतील इतके अंतर, इंधनासाठी न थांबता चालविण्यात आली.

दुसऱ्या प्रश्नाची साक्ष मात्र दुःखाने नोंदवावी लागते. १३ जून १९३० रोजी सर हेन्री सीग्रेव्ह यांनी इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरावर, रोल्स-रॉइसची दोन इंजिने बसविलेल्या ‘मिस इंग्लंड टू’ या नौकेत ताशी ९८.७६ मैलांचा विक्रम केला, आणि त्याच दिवशी ती नौका उलटून ते मृत्यू पावले. त्यांच्याबरोबर रोल्स-रॉइसचे यंत्रज्ञ व्हिक्टर हॅलिवेल यांचाही अंत झाला. सीग्रेव्ह यांचे नाव जगाने स्मरणात ठेवले. आपल्या व्यवसायाने हॅलिवेल यांचेही ठेवले पाहिजे.

आणि हे केवळ परदेशाचे वर्तमान राहिलेले नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाच्या चाचणीत असता तिचा ताबा सुटला, आणि गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर ती आदळली. मृतांचा आकडा डझनाच्या वर गेला, आणि त्यांत निरपराध प्रवाशांबरोबर चाचणीसाठी नौकेवर चढलेले यंत्रज्ञही होते. दोषाची चौकशी करणे हे या व्यासपीठाचे काम नव्हे. परंतु जेथे शेकडो माणसे रोज जातयेत असतात त्या जलमार्गालगत प्रबळ इंजिनाची परीक्षा होऊ द्यावी काय, हा प्रश्न आपल्या व्यवसायाचा आहे, आणि त्याचे उत्तर आपण निःसंदिग्धपणे दिले पाहिजे.

महाराष्ट्रास इंजिनविद्या नवीन नाही. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून पुण्याच्या परिसरात डिझेल इंजिनांचे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. पण त्या विद्येची वाट कारखान्याच्या दारापाशी थांबते, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांवर नव्या संगणकनियंत्रित इंजिनाची नाडी पाहणारा माणूस शोधूनही सापडत नाही. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी वेगवान नौका आल्या. अशी नौका एका सुट्या भागावाचून धक्क्यास बांधून राहिली, तर तिच्या अश्वशक्तीचा समुद्रावरील मनुष्यास काडीचाही उपयोग नाही.

यास्तव या परिषदेने सरकारदरबारी आणि स्वतःच्या सभासदांपुढे चार गोष्टींची तजवीज करावी, अशी माझी विनंती आहे. पहिली, इंजिनांच्या चाचण्यांसाठी प्रत्येक मोठ्या बंदरात प्रवासी मार्गांपासून दूर असे जलक्षेत्र राखून ठेवावे आणि चाचणीची वेळ आगाऊ जाहीर करावी. दुसरी, चालक जागेवरून फेकला गेल्यास इंजिन तत्काळ बंद पाडणारी दोरी वापरणे सक्तीचे व्हावे. अमेरिकेने २६ फुटांखालील नौकांना ही सक्ती १ एप्रिल २०२१ पासून लागू केली आहे. तिसरी, प्रत्येक वेगवान नौकेवर इंजिनाच्या चाललेल्या तासांचे व दुरुस्त्यांचे दप्तर असावे, आणि ते पाहिल्यावाचून तपासनिसाने परवाना देऊ नये. चौथी, किनाऱ्यावरील तंत्रशाळांत या इंजिनांचे शिक्षण मराठीतून सुरू व्हावे, आणि त्यासाठी पुण्याच्या अनुभवी कारागिरांनी वर्षातून काही दिवस कोकणास द्यावेत.

यांपैकी पहिल्या तीन गोष्टींस सरकारची संमती लागेल, आणि ती मिळेपर्यंत आपण चिकाटीने मागणी करीत राहू. चौथीस मात्र कोणाच्याही हुकमाची अपेक्षा नाही. ती सर्वस्वी आपल्या हाती आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी या अधिवेशनाच्या समाप्तीपूर्वीच आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत, अशी आग्रहाची विनंती करून मी आपली रजा घेतो.