डेंग्यू: ताप उतरतो तेव्हा सांभाळा

रास अल खैरमध्ये दिवसपाळी आटोपून खोलीवर आलेल्या आणि रात्रपाळीला निघालेल्या सगळ्या मराठी भावाबहिणींनो, आज डेंग्यूविषयी बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, या वाळवंटात डेंग्यू कुठला? पाऊस नाही, चिखल नाही, गटार नाही. पण डेंग्यूच्या डासाला गटार लागतच नाही. एडिस इजिप्ती नावाचा हा डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. सौदीत जेद्दाह शहरात १९९४ साली या आजाराचा विषाणू पहिल्यांदा सापडला. जेद्दाह, मक्का, जाझान या पश्चिमेकडच्या भागात त्याचे रुग्ण नंतरही आढळत आले आहेत. आपण आहोत पूर्व किनाऱ्यावर, जुबैलच्या उत्तरेला. आपल्याला जास्त काळजी करायची आहे ती सुट्टीवरून परतताना अंगात येणाऱ्या डेंग्यूची.

हिशेब करून बघा. डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. तुम्ही गणपतीला गावी गेलात. निघायच्या आदल्या दिवशी अंगणात डास चावला. विमानात तुम्ही ठणठणीत. इथं येऊन कामावर रुजू झालात आणि चार-सहा दिवसांनी अंग फणफणलं. दिवस कडक उन्हाचे, म्हणून सोबतचे म्हणणार, ऊन लागलं, पाणी पी आणि झोप. म्हणून क्लिनिकमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: मी अमुक तारखेला भारतातून आलो. हे कळलं की डॉक्टर डेंग्यू आणि मलेरिया, दोन्हींचा विचार करतील. डेंग्यूला अरबीत ‘हुम्मा अद्दंक’ म्हणतात, तेवढा शब्द लक्षात ठेवा.

डेंग्यूचा ताप एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, हाडं मोडल्यासारखं अंग दुखतं, मळमळतं, कुणाला अंगावर लाल पुरळ येतं. अशा वेळी माणूस काय करतो? गावाहून आणलेल्या पिशवीतली अंगदुखीची गोळी काढतो. इथंच थांबा. गोळ्यांच्या पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा कुणाकडून तरी वाचून घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन यांतलं एकही नाव दिसलं तर ती गोळी घेऊ नका. पुष्कळ गोळ्यांत ही औषधं पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेली असतात. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. हृदयविकारासाठी कुणी रोज अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर त्यांनी ती आपल्या मनानं बंद करू नये, लगेच डॉक्टरांना विचारावं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डेंग्यूतला धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो. माणसाला वाटतं, सुटलो, उद्या ड्युटीवर जातो. नेमक्या याच एक-दोन दिवसांत काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. रक्त दाट होतं, रक्तदाब घसरतो. बाहेरून मात्र अंग गार, ताप नाही. या दिवसांत उन्हात कामाला उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

मग लक्ष कशावर ठेवायचं? पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडून घाम फुटणं, लघवी कमी होणं, खूप ग्लानी किंवा अस्वस्थपणा. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा. इथं अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९७, गावाकडे १०८. खोलीतल्या सोबत्यांनो, ताप उतरलेल्या माणसाला दोन दिवस एकटं सोडू नका. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडं थोडं देत राहा. लघवी किती वेळा झाली तेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

प्लेटलेट किती, एवढंच विचारून घाबरू नका. रक्त किती दाट झालंय, रक्तदाब किती, हे डॉक्टर सोबत बघत असतात. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एकदा होऊन गेला असेल तरी दुसऱ्या प्रकारचा होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी तो जास्त तीव्र होण्याची शक्यता असते.

शेवटी डासाकडे वळू. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून गावाकडे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, म्हणून आतून घासायचं. शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा विचारा: बॅरल घासलं का? फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची बशी, परसातला टायर, करवंट्या बघितल्या का? रिकामी न होणारी टाकी घट्ट झाका. आशाताई आल्या तर त्यांना पाणी बघू द्या. इथं कॅम्पवरही कूलर, एसीच्या पाण्याखालची बादली, साइटवरचे उघडे ड्रम आठवड्याला रिकामे करून घासा. आणि तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावणार नाही.

तेव्हा मंडळी, भारतातून कधी आलो ते डॉक्टरांना सांगायचं, अंगदुखीची गोळी वाचल्याशिवाय घ्यायची नाही, आणि ताप उतरला तरी डॉक्टर सांगेपर्यंत ड्युटीवर जायचं नाही. नुकतंच सुट्टीवरून कुणी आलं असेल, तर हे आज रात्रीच त्यांच्या कानावर घाला. काळजी घ्या. नमस्कार.