पुन्हा मोटारसायकलवर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा बागकामाची किंवा ग्रंथवाचनाची असावी. पण दूधविनायकच्या गल्लीत बाग कोठली? माझा छंद मोटारसायकल चालविण्याचा आहे, आणि तो मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, २०१६ साली, पुन्हा धरला, हे आरंभीच कबूल करतो.

गाडी माझी नव्हे, दादाची. १९६९ साली त्याने घेतलेली अडीचशे सीसीची जावा. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये प्रागमध्ये हे नाव जन्मले. म्हैसूरच्या कारखान्यातून या गाड्या १९६१ पासून बाहेर पडू लागल्या. पुढे तेथे ‘येझदी’ हे नाव आले आणि १९९६ मध्ये तो कारखानाच बंद झाला. आपल्या मंडळींना म्हैसूर दूर वाटत नसे. काशीत राहून पुणे दूर वाटते, तेवढेच.

विश्वविद्यालयाच्या रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यांवर दादाने मला ही गाडी शिकविली. एकच दांडा: आत दाबून वर फिरविला की किक, एरवी तोच गिअर. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, लिटरमागे चाळीस-पन्नास मिलिलिटर. “उतारावर थ्रॉटल मिटून गाडी सोडू नकोस,” तो बजावी, “पेट्रोल थांबले की तेलही थांबते.” १९८८ मध्ये दादा गेला. त्यानंतर गाडी वाड्याच्या देवडीत चादरीखाली उभी राहिली. विकण्याचा विषय निघाला की वहिनी उठून आत जात. दसऱ्याला मात्र न चुकता हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

अठ्ठावीस वर्षांनी मीच धीर करून विचारले. वहिनी म्हणाल्या, “न्या. पण आधी दुरुस्त करून आणा.” मिस्त्रीने टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर उकलला, टायर बदलले. कागदपत्रांच्या नूतनीकरणास त्याहून अधिक काळ लागला. ती कथा पुन्हा केव्हातरी. चिरंजिवांनी फोनवर स्पष्ट विरोध नोंदविला. त्यांचे अगदीच चुकले नाही. दुसऱ्याच आठवड्यात गल्लीच्या वळणावर शेणावरून चाक घसरले आणि मी गुडघ्यावर पडलो. तीन आठवडे घरी बसलो. तेव्हापासून विश्वेश्वरगंजापर्यंत इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत नेतो. शेजारी हसतात, मीही हसतो.

आनंद म्हणाल तर अगदी साधा. पहाटे कार्ब्युरेटरची बारीक कळ बोटाने दाबावी, पेट्रोलचा वास यावा, दुसऱ्या-तिसऱ्या किकेला गाडीने खोकून दाद द्यावी. राजघाटावरून १८८७ चा तो जुना पूल लागतो. खालून आगगाडी, वरून आपण. पलीकडे वाळू, मागे धनुष्यासारखे वळलेले घाट. गोडसे भटजी १८५७ च्या त्या धामधुमीच्या काळात वरसईहून निघाले आणि पुष्कळ हाल सोसून काशीस पोहोचले. त्यांच्या मानाने माझा रामनगरपर्यंतचा प्रवास म्हणजे पोरखेळच! तरी हेल्मेटच्या आत वारा शिरला की गुडघा दुखल्याचे स्मरत नाही.

एक लाभ मात्र अनपेक्षित. आपली कितीतरी घरे गल्ल्या सोडून दूरच्या वसाहतींत गेली. रिक्षाची घासाघीस करून त्यांच्याकडे जाणे होत नसे. आता रविवारी दोन घरे तरी होतात, चहा होतो, कुणाच्या मुलीचे जमले ते कळते.

दुरुस्तीनंतर देवडीत प्रथम गाडी सुरू केली, तो दिवस सांगतो आणि थांबतो. सारा वाडा धुराने भरला. वहिनी वरून जिना उतरून आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भाऊजी, पेट्रोलमध्ये तेल घातलंत ना?”

पुढच्या रविवारी त्यांनीच शाल घेतली आणि “पुलापर्यंतच हं,” असे म्हणून मागे बसल्या.