वासोट्याच्या वाटेवरचं जोतं

रानावनात भटकणाऱ्यांना वासोट्याचं वेड वेगळंच असतं. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठायची, तिथून शिवसागर जलाशयातून लाँचनं तास-दीड तास प्रवास करायचा आणि मेट इंदवलीला उतरायचं. इथून कोयना अभयारण्य सुरू होतं. परवानगी घ्यावी लागते, प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवाव्या लागतात, गडावर मुक्काम चालत नाही.

मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा परवानगीचा कागद करतानाही वैतागलो होतो. म्हटलं, जंगलातसुद्धा सरकारी बंधनं कशाला?

चढ सुरू होण्याआधी झाडीत एक दगडी जोतं दिसलं. सावली छान होती. आम्ही त्यावर सॅक टाकल्या, डबे उघडले, हसलो-खिदळलो. मग दाट रानातून गड चढलो. बाबूकडा पाहून तर शब्दच सुचेनात. पाय निघत नव्हता, त्यामुळे उतरायला उशीर झाला. काठावर लाँचवाले म्हातारे काका अंधार पडायची वाट पाहत ताटकळले होते.

परतताना मी म्हणालो, "काका, काय शांत आहे हो इथं! माणसाचा मागमूस नाही."

ते म्हणाले, "हुता की, साहेब. खालची शेतं पाण्यात गेली, वरची घरं रानात. तुमी डबं सोडलं ना, ते जोतं माझ्या चुलत्याचं."

पुढं बामणोलीपर्यंत कुणी बोललं नाही.

कोयनेचं धरण साठच्या दशकात झालं. त्याच्या विजेवर आपली शहरं उजळली आणि या खोऱ्यातली गावं उठली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. रान वाढलं, ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्या शांततेसाठी आपण तिथं जातो, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली आहे.

त्यानंतर मी बऱ्याचदा वासोट्याला गेलो. आता नियमांचा वैताग येत नाही. दिवस मावळायच्या आत काठावर असतो. आणि त्या जोत्यापाशी पोचलो, की सॅक खाली जमिनीवर ठेवतो. तुम्हीही जरूर जा. फक्त पाहुण्यासारखे जा.