ऊन आहे, पण आपल्या वाट्याला किती?



जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. अशा खान्देशात राहून माझ्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व ९ नॅनोग्रॅम निघालं; २०च्या खाली कमतरता मानतात. वर्षभर मांड्या दुखायच्या, हात टेकल्याशिवाय जमिनीवरून उठवत नसे, कशात मन लागत नसे. घरात याला एकच नाव होतं : आळस.

हे जीवनसत्त्व मुख्यतः उघड्या कातडीवर ऊन पडून तयार होतं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. आणि आपण? दिवसभर ओट्यापाशी, बाहेर पडलो तर पदर, बुरखा, स्कार्फ. शेतमजूर बाईचंही अंग झाकलेलंच.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, अशी आठ आठवडे घेतली. दुखणं थांबलं, अंगात बळ आलं. मनाची उदासी मात्र पुरती गेली नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. या गोळ्यांनी नैराश्य टळत नाही, असंच त्यात दिसलं. तेव्हा थकव्याची बाकीची कारणंही तपासा. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आणि आपल्या मनाने पुड्या घेत राहू नका. अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं.

पापड वाळवायला आपण धाब्यावर चढतोच. हिवाळ्यात तिथेच थोडा वेळ स्वतःसाठी उन्हात बसायला कुणाची परवानगी का लागावी? हा प्रश्न आधी आपापल्या घरात विचारू या.