मंडालेचं देणं



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावं, परराष्ट्र धोरण दिल्लीवर सोपवावं, असं मला इथे येण्यापूर्वी सुचवण्यात आलं. ती सूचना मी नाकारतो. १९७५ साली कऱ्हाडला, आणीबाणीच्या काळात, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून सत्तेला न रुचणारं बोलल्या. त्यांचा वारसा सांगायचा आणि अवघड विषय निघाला की सौंदर्यशास्त्राकडे वळायचं, हे मला जमणार नाही.

शिवाय हे रत्नागिरी आहे. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढे या गावात आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथे नजरकैदेत होता आणि १९१६ साली इथेच वारला. त्याचा राजवाडा आणि समाधी तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. आणि रत्नागिरीचेच बाळ गंगाधर टिळक १९०८ ते १९१४ ही सहा वर्षं कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात. ‘गीतारहस्य’ तिथल्या कोठडीत लिहिलं गेलं. एकाच साम्राज्याने त्यांचा राजा आपल्याकडे कोंडला आणि आपला लोकमान्य त्यांच्याकडे. त्या भूमीचं काही देणं आपण लागत असू, तर त्याची आठवण करून द्यायला याहून योग्य गाव महाराष्ट्रात नाही.

त्या भूमीत, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, अलीकडे काय घडलं आहे? १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. लोक रस्त्यावर उतरले आणि लष्कराने गोळ्या चालवल्या. मार्चच्या सुरुवातीला मोन्यवा शहरात निदर्शनात सामील झालेला कवी के झा विन गोळी लागून मेला. मे महिन्यात खेट थी या कवीला पकडून नेलं. हा माणूस इंजिनिअरची नोकरी सोडून आईस्क्रीम आणि केक विकायचा, कविता लिहायचा. दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या हाती त्याचं प्रेत आलं. इथे बसलेल्या प्रत्येक कवीने ही दोन नावं घरी जाऊन पुन्हा वाचावीत.

आणि भारत सरकारने काय केलं? २७ मार्च २०२१ रोजी राजधानी नेपिडोमध्ये लष्कराचं वार्षिक संचलन झालं. मोजक्या आठ देशांनी आपले प्रतिनिधी पाठवले, त्यांत आपण होतो. त्याच दिवशी त्या लष्कराने देशभर शंभराहून अधिक नागरिक मारले. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराचा निषेध करणारा ठराव आला. ११९ देशांनी बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला. १८ जून! १९४६ साली याच तारखेला राममनोहर लोहियांनी मडगावला सभाबंदी मोडून गोव्याच्या मुक्तीची हाक दिली होती. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतात. परक्या सत्तेखालच्या आपल्या माणसांसाठी जगाने बोलावं, अशी आपली तेव्हा अपेक्षा होती. ती अपेक्षा ब्रह्मी माणसाने आपल्याकडून का ठेवू नये?

मला सांगतात, शेजाऱ्यांच्या अंतर्गत बाबींत पडू नये, ही आपली जुनी रीत आहे. हे खोटं आहे. दक्षिण आफ्रिकाही वर्णद्वेषाला आपली अंतर्गत बाबच म्हणत होती. तरी १९४६ साली, स्वतः स्वतंत्र होण्याआधी, आपण तिच्याशी व्यापार तोडला आणि तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. डचांनी इंडोनेशियावर हल्ला केल्यावर जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई परिषद भरवली. १९७४ साली डेव्हिस करंडकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी आली. अमृतराज बंधूंच्या संघाने ती खेळायचीच नाही असं ठरलं आणि करंडक समोरच्याला जाऊ दिला. देशाने त्या वेळी किंमत मोजली, ती उघडपणे मोजली. १९५६ साली रशियाने हंगेरीतला उठाव चिरडला, पण आपण त्याला दुखवायला कचरलो. तेव्हा जयप्रकाश नारायणांनी नेहरूंना जाहीर खडसावलं होतं. आज त्यांची जागा रिकामी आहे.

ब्रह्मदेशाच्या बाबतीतही आपण नेहमी असे नव्हतो. १९८८ च्या उठावानंतर पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी भारताने मणिपूर-मिझोराममध्ये छावण्या उघडल्या. आकाशवाणी ब्रह्मी भाषेत लष्कराविरुद्ध बोलत होती. लोकशाही चळवळीच्या नेत्या आंग सान सू ची कैदेत असताना त्यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला. मग नव्वदच्या दशकात दिल्लीने दिशा बदलली. कारण दिलं गेलं राष्ट्रहिताचं: ईशान्येतले बंडखोर, चीनचा शिरकाव, समुद्रातला वायू. सप्टेंबर २००७ मध्ये यांगूनच्या रस्त्यावर भिक्षू मोर्चे काढत होते, आणि आपले पेट्रोलियममंत्री, मुंबईचे मुरली देवरा, वायुसंशोधनाच्या करारांसाठी तिथल्या सेनाधिकाऱ्यांकडे गेले होते.

ठीक आहे. हिशेब राष्ट्रहिताचाच मांडू. श्वे वायुक्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांचा वाटा आहे, पण तिथला वायू २०१३ पासून नळाने चीनच्या युनान प्रांतात जातो. मिझोरामला समुद्राशी जोडणाऱ्या कलादान मार्गाचा करार २००८ सालचा. सितवे बंदर सुरू झालं, पण पुढचा रस्ता ज्या पालेत्वा गावावरून जातो ते जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या बंडखोर संघटनेने लष्कराकडून जिंकून घेतलं. ज्या सेनाधिकाऱ्यांसाठी आपण तोंड मिटलं, त्यांच्या हातात सरहद्दीचा मोठा भाग उरलेलाच नाही. उद्या त्या पट्ट्यात जे राज्य करतील, ते आपल्याला काय म्हणून ओळखतील? २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने जो अहवाल दिला, त्यात २०२१ च्या सत्तापालटानंतर त्या लष्कराला शस्त्रं आणि साहित्य पुरवणाऱ्यांत भारतीय कंपन्याही आहेत, त्यांत सरकारी मालकीच्याही. रक्कम सुमारे ५.१ कोटी डॉलर. रशिया-चीनच्या मानाने थोडी म्हणून ती मी माफ करू का?

दोन आक्षेप मी बाजूला सारणार नाही. पहिला, सू ची यांनी २०१९ साली हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबाबत देशाची, म्हणजे लष्कराचीच, बाजू मांडली. ते लांच्छन आहे आणि राहील. माझा आग्रह एका बाईसाठी नाही. ज्यांनी मतं दिली आणि ज्यांना मताचा हक्कच नाकारला गेला, त्या सगळ्यांसाठी आहे. रोहिंग्याही त्यात आले. दुसरा, स्वातंत्र्य देण्याच्या नावाखाली अमेरिकेने इराकची राखरांगोळी केली. खरं आहे, आणि २००३ साली आपल्या संसदेने त्या युद्धाची निंदा केली तेव्हा ती बरोबर होती. मी फौजा पाठवा म्हणत नाही. जुलमी माणसाला दारूगोळा विकू नका, त्याच्या संचलनाला जाऊ नका आणि मत द्यायची वेळ आली की मत द्या, एवढंच मागतो.

हे करता येतं, हे मिझोरामने दाखवलं. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना लिहिलं की येणाऱ्यांना रोखा. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहून ही आपल्याच रक्ताची माणसं आहेत, हे सांगितलं. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावकरी यांनी तीस हजारांहून अधिक माणसांना घरं, धान्य, शाळा दिल्या. देशातल्या सर्वांत लहान राज्यांपैकी एकाने भारताची अब्रू राखली, आणि त्याबद्दल महाराष्ट्राच्या एकाही साहित्य संस्थेचा अभिनंदनाचा ठराव माझ्या पाहण्यात आलेला नाही.

तो आज इथे व्हावा. माझ्या ठरावात चार गोष्टी आहेत: मिझोरामच्या जनतेचं अभिनंदन, म्यानमारच्या लष्कराला होणारी प्रत्येक विक्री भारत सरकारने थांबवावी, आश्रयाला आलेल्यांना परत ढकलू नये आणि त्यांना कायद्याचं संरक्षण द्यावं, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी तिथून परागंदा झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि लेखकांसाठी जागा राखाव्यात. तो दिल्लीला जाईलच, त्याची प्रत ऐझॉललाही पाठवावी. ज्यांना तो मान्य नाही त्यांनी उभं राहून विरोध करावा, मी त्यांना पूर्ण वेळ देईन. बाकीच्यांनी अनुमोदन द्यावं, अशी माझी या सभेला विनंती आहे.