तारण आणि अश्रू

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पुढे लालबाग-परळच्या कितीतरी घरांतले दागिने तारण पडले. तारण म्हणजे विक्री नव्हे. वस्तू परक्याच्या तिजोरीत, पण मालकी आपली. सोडवायला पैसे हवेत, इतकेच.

मराठी ख्रिस्ती माणूस उद्धारालाही 'तारण'च म्हणतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांची खंडणी म्हणून देण्याविषयी बोलतो. हे दोन अर्थ शेजारी ठेवले की बायबलमधला मृत्यू मला उमगतो. माणूस मातीकडे गहाण असतो, विकलेला नसतो. पौल तर पुरलेल्या देहाला पेरलेले बी मानतो.

मी मुसलमान. कुराणानुसार एकाचे ओझे दुसरा वाहत नाही. म्हणून दुसऱ्याने किंमत भरावी, हे मला पटत नाही. कयामतीला उठणे मात्र आम्हीही मानतो.

लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, शिवडीच्या दफनभूमीत मेणबत्ती लावणाऱ्याचे डोळे भरून येतात, ते श्रद्धा उणी म्हणून नव्हे. दागिना सुटणार असला, तरी तोवर गळा रिकामाच असतो.