झडती जिती राहिली पाहिजे

 

आपल्या दिंडीले शंभर वर्षं झाली. आज आम्ही पोळ्याच्या झडतीवर दोन शब्द बोलणार आहोत. कीर्तनकाराचं झडतीशी काय काम? काम आहे बाप्पा! दोन्ही तोंडपाठ चालतात, आणि ऐकणाऱ्यानं साथ दिल्याशिवाय दोन्ही रंगत नाहीत.

पिठोरी अमावस्येले बैल तोरणाखाली उभे राहतात. आदल्या दिवशी खांदे शेकलेले, अंगावर झूल, शिंगाले बेगड. एक गडी झडती म्हणतो, दुसरी बाजू झडतीनंच उत्तर देते, अन् सारं गाव 'हर हर महादेव' करते. मग तोरण तुटते, पोळा फुटते, गड्याले बोजारा भेटते. वर्षभर जे मालकाले, सावकाराले, सरकारले बोलता येत नाही, ते त्या घडीले खपून जाते. आपला जिल्हा कापसाचा. १९७२ ची एकाधिकार खरेदी, २००२ चं बीटी बियाणं, पुढं गुलाबी बोंडअळी. आता तर भाव परदेशच्या बाजारावर हलते. शेतकऱ्याचा हा सारा हिशेब झडतीत मांडता येतो.

ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले. ट्रॅक्टरले आम्ही नावं ठेवत नाही. चारा महाग, गडी भेटत नाही. पण आता पोट्टे मोबाईलात पाहून झडती वाचतात. वणीत तीच, पुसदात तीच. तिच्यात आपल्या गावचा नाला नाही, आपली बोली नाही. वरून डीजे लागला की उत्तर देणाऱ्याचा आवाजच दबते.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लय मोठं काम! पण जातं थांबलं तिथं नवी ओवी होत नाही. जुनं लिहून ठेवणं म्हणजे बियाणं जपणं. पेरल्याशिवाय पीक नाही.

म्हणून दिंडीतल्या आम्ही म्हाताऱ्यांनी ठरवलं आहे. जुन्या झडत्या वहीत उतरवायच्या. आणि पोळ्याच्या आधी आठ दिवस, हरिपाठ झाल्यावर, पोट्ट्यायले मंदिरात बसवायचं. पोरीही बसतील. प्रत्येकानं आपल्या वावराची एक नवी झडती जुळवायची. बैल नसन तरी चालते, मोबाईल मात्र बाहेर.

शंभर वर्षं ही दिंडी अशीच चालली, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात. झडतीही तशीच चालन.

पुंडलिक वरदा हारि विठ्ठल!